खिडक्यांचं एकत्र कुटुंब

माणसाला आपली वस्तू आपण ठेवली तिथेच सापडू लागली, की त्याची प्रगती खुंटते. सिएटलजवळच्या आमच्या कंपनीला हे फार लवकर उमगलं. संगणकाच्या पडद्यावर तळाशी उघड्या खिडक्यांची नावं दाखवणारी जी पट्टी असते, तिच्यासाठी आमच्याकडे अख्खा मजला राखलेला होता.

मजल्याचा प्रमुख ड्वेन पेटिट. थोर माणूस. पूर्वी खिडक्या उघडल्या त्या क्रमाने रांगेत उभ्या राहत, प्रत्येकीच्या अंगावर नाव. ड्वेनला ही रांग गावंढळ वाटली. त्याने एका जातीच्या सगळ्या खिडक्या एकाच चित्राखाली कोंबल्या आणि नावं पुसली. आता नऊ पत्रं उघडी असली तरी पट्टीवर पाकीट एकच. त्यावर टिचकी मारली की नऊ सारखीच चिठोरी वर येत. त्यांतून नशीब आजमावायचं. (पाहणीत ब्याऐंशी टक्के लोकांनी याला 'स्वच्छ' म्हटलं. उरलेले अजून आपली खिडकी शोधत असल्याने त्यांचं मत नोंदवता आलं नाही.)

लॉर्ना हॅगस्ट्रॉम ही मजल्यावरची जुनी इंजिनियर. ज्याला जुनी रांग हवी त्याला ती ठेवता यावी, एवढंच तिचं म्हणणं. तसं बटणही तिने करून ठेवलं होतं. ड्वेनने ते काढायला लावलं. निवड दिली की लोक गोंधळतात, असं तिला समजावलं आणि तिच्या वार्षिक शेऱ्यात 'बदलाची भीती' असं लिहिलं.

नव्या पट्टीचं कौतुक सांगायला ड्वेन भरल्या सभागृहात उभा राहिला आणि घाईत त्याने स्वतःचाच संगणक मोठ्या पडद्याला जोडला. तळाशी पट्टी उमटली. प्रत्येक खिडकी वेगळी, प्रत्येकीवर नाव, उघडली त्याच क्रमाने. लोकांचं नाश्त्याचा बेगल-पाव चावणं थांबलं.

लॉर्नाने बसल्या जागेवरून विचारलं, "ड्वेन, तुझ्याकडे जुनीच पट्टी कशी?"

"मला काम असतं, लॉर्ना."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना आपण अनुभव देतो."

टाळ्या पडल्या. दुपारी निम्मा मजला एकेक करून लॉर्नाकडे ते बटण मागून गेला. तिने कुणालाही नाही म्हटलं नाही. नवी पट्टी ठरल्या दिवशी जगभर गेली. (आचाऱ्याने आपल्या खाणावळीत जेवू नये, हा संकेत आमच्याकडे कसोशीने पाळतात.) ड्वेनला बढती मिळाली. लॉर्नाची बदली मदत कक्षात झाली, हरवलेल्या खिडक्या लोकांना फोनवर शोधून द्यायला.

तिथे एके दिवशी तिच्या आईचाच फोन आला. अर्धं लिहिलेलं पत्र कुठे गेलं कळत नाही, म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असेल गं. वय झालं."

लॉर्ना म्हणाली, "नाही आई. तू बरोबर ठेवलं होतंस. आम्ही उचललं."

हे ऐकून तुम्ही हळहळाल, ड्वेनला नावं ठेवाल. ठेवा. पण ती पट्टी तुमच्याही संगणकावर आली तेव्हा तुम्ही थोडे दिवस शिव्या घातल्यात, मग सरावलात. आणि मग एका रविवारी वडिलांच्या खांद्यावरून वाकून, कपाळाला आठ्या घालून म्हणालात, "किती सोपं आहे हो, बाबा. तुम्हालाच शिकायचं नसतं."