सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरवरचा ठसा

ठसा कुठलाही असो, तो मला वाचता येतोच! ओहायोतल्या आमच्या गावच्या पोस्टात मी बत्तीस वर्षं काढली आहेत. पावसात भिजलेल्या, कुत्र्याने चावलेल्या, एकदा तर लोणच्याच्या बरणीत बुडालेल्या पाकिटावरचा शिक्का मी वाचून दाखवला होता. आणि माझा मेहुणा मर्ल मला फोनवर विचारतो, "वर्जिल, बाबांच्या रिव्हॉल्व्हरवर कसले तरी परदेशी ठसे आहेत. तुला त्यातलं काही कळेल का?"

काही कळेल का! मला! माझं डोकंच फिरलं.

हे रिव्हॉल्व्हर माझ्या सासऱ्यांचं. एमेट ड्रेक्सलर त्यांचं नाव; जाऊन सहा वर्षं झाली. आता माजी सैनिकांच्या हॉलमध्ये काचेचं कपाट आलं होतं. शनिवारी त्याचं उद्घाटन, आणि मधल्या फळीवर सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर, शेजारी मजकुराची पाटी. ती पाटी लिहायचं काम माझ्याकडे. रिव्हॉल्व्हरची कथा मात्र मर्लकडे. महायुद्धात, चव्वेचाळीस साली इंग्लंडमध्ये बाबांनी एका अमेरिकन कॅप्टनला जळत्या ट्रकमधून ओढून काढलं आणि त्याने आपलं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात ठेवलं. ही कथा मी थँक्सगिव्हिंगच्या एकोणतीस सणाच्या जेवणांना ऐकली आहे. दरवर्षी ज्वाळा वाढायच्या. गेल्या वर्षी तर ट्रकही दोन झाले होते!

गुरुवारी दुपारी आम्ही सासूबाईंच्या स्वयंपाकघरात जमलो. टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर रिव्हॉल्व्हर, शेजारी सफरचंदाचा केक. आत गोळी नाही हे मर्लने तीनदा तपासलं. मी भिंग काढून वाकलो.

"हे बघा, हा मुकुट," मी सांगू लागलो. "काही देशांत बंदूक विकायच्या आधी जादा दारू भरून बार उडवून बघतात. फुटली नाही तर असा ठसा मारतात. आपल्याकडे ती सक्ती नाही. म्हणजे हा ठसा बाहेरचा."

"वर्जिल, केक घे," सासूबाई म्हणाल्या. "ठसे राहू देत."

"थांबा आई! नळीच्या बुडाशी अक्षरं आहेत. इं... इंग्लिश... मेक." मी ताठ उभा राहिलो. "इंग्लिश मेक! मर्ल, हे अमेरिकन रिव्हॉल्व्हरच नाही! इंग्रजांनी केलेली नक्कल आहे!"

मर्लचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला. "नक्कल? अरे, नळीवर अमेरिकन कंपनीचं एवढं मोठं नाव आहे, ते काय डोळे मिटून वाचलंस?"

"नाव काय, कुणीही कोरतं! ठसा खोटं बोलत नाही!"

"माझे बाबा खोटं बोलले म्हणतोस?"

"बाबा नाही, कॅप्टन बोलला असेल!"

"वर्जिल, खाली बस," माझी बायको आर्लीन म्हणाली. हे ती दात आवळून म्हणाली, म्हणजे खरं तर तेव्हाच बसायला हवं होतं.

पण मी बसलो नाही! रागाच्या भरात मी तिथूनच डॉक्टर टेस्कींना फोन लावला. हे आमच्या गावचे निवृत्त दंतवैद्य, सैनिकांच्या हॉलचे अध्यक्ष आणि जुन्या बंदुकांचे संग्राहक. माझ्या दोन दाढा त्यांनी काढल्या. त्यातली एक चांगली होती असं माझं आजही मत आहे. मी त्यांना ठणकावून सांगितलं, "तुमच्या कपाटात नकली माल जाणार आहे!"

"नकली असेल तर कपाटात ठेवता येणार नाही," टेस्की थंडपणे म्हणाले. "उद्या दहाला येऊन बघतो."

मर्लने टोपी उचलली आणि दार असं आपटलं की फ्रीजवरची ब्रेडची टोपली खाली आली.

शुक्रवारी दहाला टेस्की आले ते दाताची हत्यारं घेऊनच. छोटा आरसा, वाकडी सुई, कापूस, सगळं ओळीने मांडलं. रिव्हॉल्व्हर त्यांनी असं मागे कलतं केलं की आता त्याला "आ करा" म्हणणार असं मला वाटलं.

"किती वर्षांत साफ केलं नाही हे?" ते म्हणाले. मर्लने मान खाली घातली. अगदी मीही त्यांच्या खुर्चीत घालायचो तशी.

सुई कुरकुरू लागली. वंगणाचा काळा थर पापुद्र्यासारखा निघाला. टेस्कींनी आरसा धरला, फुंकर मारली आणि वाचलं, "नॉट."

"काय नॉट?" मी ओरडलो.

"नॉट इंग्लिश मेक. इंग्रजी बनावटीचं नाही. बाहेरचा माल तिकडे तपासला की असंच लिहायचे. रिव्हॉल्व्हर अस्सल अमेरिकन आहे, वर्जिल. एक शब्द तुम्ही घाणीत सोडलात."

"तो 'नॉट' काल नव्हता!"

हे वाक्य मी का बोललो, मला माहीत नाही. मर्ल खुर्चीवरून उडालाच. "काल नव्हता? रात्रीतून उगवला? बत्तीस वर्षं पोस्टात! म्हणूनच माझी पार्सलं डेटनऐवजी डेन्व्हरला जायची!"

आर्लीनसुद्धा हसली. माझी स्वतःची बायको! माझ्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. काहीतरी, कसंही करून, अब्रू राखायला हवी होती.

"ठीक आहे!" मी टेबलावर मूठ आपटली. "मग बाजूचे ठसे कधीचे ते सांगा! एवढे शहाणे आहात तर सांगा!"

सासूबाई एकदम म्हणाल्या, "डॉक्टर, कॉफी घेता?"

पण टेस्की असे गृहस्थ, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी पानं उलटली. "मुकुट, खाली तीन अक्षरं, शेजारी दाबाचा आकडा... हा ठसा चौपन्न सालानंतरचा. लढाईतली जुनी शस्त्रं तिकडच्या व्यापाऱ्यांनी विकायला काढली, तेव्हाचा."

मर्ल बोटांवर वर्षं मोजू लागला.

"पण बाबा पंचेचाळीसला परत आले," मर्ल हळू म्हणाला.

मी तोंड उघडलं. आर्लीनने टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ मारली की मी ते मिटलं.

तेव्हा सासूबाईंनी चमचा बशीत आदळला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हेस्टर ड्रेक्सलर, आवाज कधी न चढवणाऱ्या! "झालं समाधान? पन्नास वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसले, आणि तुम्ही दोन घोडे दोन दिवसांत सगळं उकरून मोकळे झालात! नव्हता कुठला कॅप्टन! नव्हता ट्रक! एमेट लष्कराच्या भट्टीवर होते. तंबूत उभं राहून पाव भाजायचे!"

"मग हे...?" मर्लने रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं.

"मासिकात जाहिरात होती, टपालाने मागवलं. तुझ्यासाठी! दहा-अकरा वर्षांचा होतास. शाळेतून रडत आलास. सगळ्यांचे बाप लढले आणि माझ्या बापाने पाव भाजले, असं त्यांच्या तोंडावर म्हणालास. ते त्या रात्री जेवले नाहीत एवढंच. महिन्याभराने हे खोकं आलं आणि तो कॅप्टन जन्माला आला."

साठी उलटलेला तो धिप्पाड माणूस स्टुलावर बसला. मला वाटलं रडणार. पण तो माझ्यावरच फुटला! "हे सगळं तुझ्यामुळे! कुणी विचारला होता तुला दुसरा ठसा?"

"पहिला तूच विचारलास!"

"गप्प!" सासूबाई कडाडल्या. "वर्जिल, पाटीचा कागद घे. लिही. एमेट ड्रेक्सलर, लष्करी पावभट्टी, इंग्लंड. रिव्हॉल्व्हर टपालाने मागवलेलं. मुलासाठी."

मी निमूट लिहिलं. टेस्की हत्यारं पुसत होते, तीच तीच पुन्हा पुन्हा.

मर्लने घसा खाकरला. "आई, रोज किती पाव भाजायचे ते?"

"त्यांची तुकडी बारा हजार, म्हणायचे."

"लिही!" मर्ल माझ्या कानाशी गरजला. "बारा हजार! आकड्यांत नको, अक्षरांत लिही! आणि अक्षर घाणेरडं काढू नकोस!"

शनिवारी हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. रिव्हॉल्व्हरपुढे लोक जरासे थांबायचे आणि मग पाटीपुढे बराच वेळ. एक काठी टेकत आलेले म्हातारे सैनिक मर्लला म्हणाले, "त्या भागात मीही होतो, पोरा. तो पाव मी खाल्लाय. गरम यायचा." मर्ल त्यांचा हातच सोडेना. मी मदतीला म्हणून जवळ गेलो, तर त्याने डोळ्यांनीच मला कॉफीच्या टेबलाकडे पाठवलं.

पुढच्या बुधवारी गावच्या वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. मर्लचा फोटो. सासूबाईंच्या धाडसाचं कौतुक. डॉक्टर टेस्कींच्या अचूक नजरेबद्दल अख्खा परिच्छेद! आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: "पाटीवरील मजकूर एका नातेवाइकाने उतरवून घेतला."

एका नातेवाइकाने! मी संपादकाला फोन लावायला उठलो. तेव्हा आर्लीनने, सहा दिवसांत पहिल्यांदाच, माझ्याशी तोंड उघडलं.

"बस खाली. मर्ल तर पेपरवाल्यांना तुझं नावच काढू देत नव्हता. 'नातेवाईक' हा शब्द तरी राहावा म्हणून मी मर्लशी दोन तास भांडलेय."

या वेळी मात्र मी बसलो.