सासरे पास झाले

तार घेऊन आलेल्या शिपायानं दारातच विचारलं होतं, "तारमास्तरनी इचारलंय, मराठीतनं अर्थ सांगून धाडू का?" मी म्हणालो, "गरज नाही." माझा निर्णय एवढाच, दोन शब्दांचा. पुढचं सगळं त्या दोन शब्दांतून झालं.

गरज का नव्हती, ते सांगतो. महाराजांच्या कृपेनं आमच्यासारख्या कुणब्याच्या पोरांनाही कचेरीची पायरी दिसली, आणि मी, आकाराम, इंग्रजी पत्रांचा तर्जुमा करणारा कारकून झालो. मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात इंग्रजी येणारा मी एकटा. (येणारा म्हणजे काय, ते पुढं कळेलच.) औषधाच्या बाटलीवरचा कागद असो की शिवणयंत्राचं पत्रक, लोक माझ्याकडं यायचे. अशा माणसानं स्वतःच्या घरची तार दुसऱ्याच्या तोंडून मराठीत ऐकायची? बोळात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तार मिरजेहून आली होती. माझे सासरे पिराजीआबा मूतखड्यानं हैराण होऊन आठ दिवसांपूर्वी तिथल्या दवाखान्यात गेले होते. सोबत सासूबाई, म्हणजे बयाबाई. त्यांना मुलगा नाही. एकच लेक, माझी बायको बनाबाई. गाडीत चढताना आबा तिला म्हणाले होते, "कापलं न्हाय तर यीन माघारी. कापलं तर काय खरं न्हाय." तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. रोज अंबाबाईला हात जोडून यायची आणि ताटावर बसली तरी घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

तारेतला मजकूर असा: 'फादर पास्ड स्टोन लास्ट नाइट. रेस्टिंग पीसफुली. कम.'

आता 'पास' हे क्रियापद दिसायला गरीब आहे, पण आतून फार खोल. ठराव पास होतो. गाडी स्टेशन पास करते. साहेब जेवताना मीठ पास करायला सांगतो. पोरगा परीक्षा पास होतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण महिन्यापूर्वीच आमच्या साहेबांच्या काकांबद्दल विलायतेहून पत्र आलं होतं. त्यात काका 'पास' झाले होते आणि साहेबांनी दंडाला काळी फीत बांधली होती. त्या दिवसापासून पास म्हटलं की मला ती फीतच दिसायची.

'रेस्टिंग पीसफुली' तर मी गोऱ्यांच्या थडग्यावर स्वतः वाचलेलं. राहता राहिला 'स्टोन'. मी कोश काढला. स्टोन: दगड, धोंडा, पाषाण. आबांचा आणि धोंड्याचा संबंध काही केल्या लागेना. मग माझ्या ध्यानात आलं की चूक तारमास्तरची आहे. शब्द 'स्टोन' नसून 'सून' असणार, म्हणजे लवकर. आबा लवकर गेले. मी पेन्सिल घेऊन तारेत तशी दुरुस्तीही करून टाकली.

बनाबाई चुलीपुढं होती. मी टोपी काढून हातात घेतली.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"आबा पास झाले," मी म्हणालो.

तिला अर्थ लागेना. शेजारचा बाबालाल, कचेरीची दप्तरं बांधणारा, शिपायाला बघून उंबऱ्याशी आला होता. तो म्हणाला, "पास म्हंजे ब्येसच की, वैनी. आमच्या इकबालचा पोरगा चौथी पास झाला तवा पेढं वाटलं न्हाईत का?"

"बाबालाल," मी म्हणालो, "सत्तर वर्षांचा माणूस कसली परीक्षा देणार?"

"डाक्टर तपासतोय न्हवं रोज? ती परीक्षाच की."

अडाण्याच्या नादी कोण लागणार. मी बनाबाईला सरळ सांगितलं, "पास म्हणजे वारले. काल रात्री. त्रास झाला नाही."

ती ओरडली नाही. तिनं चुलीतलं लाकूड ओढून पाणी मारलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. "शेवटचं पानी बी माझ्या हातचं न्हाय मिळालं," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. आबांनी मला कधी जावयासारखं वागवलं नाही, लेकासारखं वागवलं. (म्हणजे शिव्याही लेकासारख्याच दिल्या.) माझेही डोळे भरून आले.

बातमी बोळभर झाली. बोळातले वडीलधारे गणपतराव काठी टेकत आले. म्हणाले, "पिराजीला ल्योक न्हाय. अग्नी तूच देनार. मिशी काढूनच जा, मिरजंत न्हावी कुठं हुडकत बसशील?"

माझी मिशी कचेरीत नावाजलेली होती. साहेब एकदा तिच्याकडं बघून 'फाइन' म्हणाले होते. ('फाइन' म्हणजे दंडसुद्धा, हे मला नंतर कोशात दिसलं.) पण आबांपुढं मिशी काय. न्हाव्यानं दोन हात मारले आणि मी दुपारच्या गाडीत पोरका होऊन बसलो.

हातकणंगलं मागं पडल्यावर बनाबाईनं हळूच विचारलं, "पास म्हंजे मरनंच व्हय? दुसरं कायबी न्हाय?"

"अर्थ पुष्कळ आहेत गं."

"पुष्कळ हाईत, मग ह्योच का उचलला?"

"मागचंपुढचं बघून अर्थ लावायचा असतो," मी म्हणालो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पिराजीआबा मांडी घालून दूधभात खात बसले होते.

बनाबाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. ती धावत गेली, त्यांचे पाय धरले आणि आता, सकाळपासून पहिल्यांदा, ढसाढसा रडली. आबा जिवंत बघून मला जेवढा आनंद झाला तेवढीच धडकीही भरली.

"रडतीस कशाला, तार पोचली न्हवं?" बयाबाई लेकीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "कंपौंडरनं लिवली. म्या सांगितलं त्येला, जावई इंग्रजीत हुशार हाईत, लिवा बिनधास्त."

आबांनी उशाखालून कागदाची पुडी काढली. आत हरभऱ्याएवढा खडा. "राती पडला बघा आपसूक. कापायचं काम न्हाय आता. डाक्टर ह्येला स्टोन म्हंतोय."

मी त्या स्टोनकडं बघत राहिलो. कोशात दगड होता, धोंडा होता, पाषाण होता. खडा तेवढा नव्हता.

पुडी परत बांधता बांधता आबांचं लक्ष माझ्या तोंडाकडं गेलं आणि त्यांचा हात थांबला. माझे आईबाप कधीच गेलेले, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पावणं, मिशी कुठाय? कोन गेलं?"

मी चटकन ओठावर हात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. "सांगा की. घरातलं कोन गेलं?"

बनाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "कोन न्हाय, आबा. ह्येंचं इंग्रजी पास झालं."