मन्मथअप्पांच्या पाच इटालियन बाटल्या

केजच्या बाजारात मन्मथअप्पांचं किराणा दुकान होतं. खाली गूळ, शेंगदाणे, तेलाचे डबे आणि वर काचेच्या कपाटात इटलीच्या तांबड्या वाईनच्या पाच सीलबंद बाटल्या. गळ्यात इष्टलिंग असलेल्या अप्पांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता. पण साखर घ्यायला आलेल्या बाईलासुद्धा त्या बाटल्यांची ओळख करून दिल्याशिवाय ते सोडत नसत.

"ही दोलचेट्टी. नावात गोड हाय, चवीला न्हाई. ही बारबाई, लई आंबट. ही फिरोजा, हिला फळाचा वास. ही गिरनोळी, हिच्या द्राक्षात बिया लई. आन् हे नेबूलाल. ह्याला घाई चालत न्हाई. पाच-सात वर्सं पडून राहू द्या, मग बोलतंय."

खरी नावं दोल्चेत्तो, बार्बेरा, फ्रेझा, ग्रिन्योलिनो आणि नेब्बिओलो. मला ठाऊक, कारण बाटल्यांबरोबरचा कागद मीच वाचून दाखवला होता. गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले त्या वर्षांत मीही एक टाकला होता, अप्पांच्या दुकानाला लागून.

अप्पांची एकुलती एक मुलगी सुवर्णा परभणीला शेतकी शिकली. पुण्यात द्राक्षांच्या एका कंपनीत लागली. कंपनीनं तिला सहा महिने शिकायला इटलीला धाडलं आणि तिनं तिथल्याच एका छोट्या मळेवाल्याशी लग्न केलं. त्याचं नाव पावलो. घरचीच द्राक्षं, घरचीच वाईन. अप्पांनी दोन वर्षं मुलीचं नाव घेतलं नाही. सुवर्णाची आई, आमच्या काकू, मात्र देवळाला जाते सांगून तिला फोन करायला माझ्या बूथवर यायच्या.

मग पुण्याच्या एका पाहुण्याबरोबर तो खोका आला. मळ्यात होतात तेवढ्या सगळ्या वाईन, एकेक बाटली. अप्पा म्हणाले, "गटारात वता." काकू म्हणाल्या, आधी कागद तर ऐका.

सुवर्णानं एकेका बाटलीबद्दल मराठीत लिहिलं होतं. मी वाचत होतो, अप्पा पाठ फिरवून डाळ जोखत होते. नेब्बिओलोचं रान उताराला, माती पांढरी, असं आलं तसा तराजू थांबला.

"पांढरी म्हंजे? खारी चोपण का चुनखडीची?"

"लिहिलेलं नाही."

"मंग इचारा की."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी अप्पा बूथमध्ये येऊन बसू लागले. 'कशी हायस' हा शब्द नाही. फोन लागला की थेट, "बारबाईला पाणी किती देता?" किंवा "फिरोजाची छाटणी कवा?" पलीकडून सुवर्णा परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं द्यायची. ती अप्पा तिथंच वहीत उतरवायचे आणि सोमवारी गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

एकदा तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा माणूस आला. साहेबांकडे मुंबईचे पाहुणे आहेत, एक बाटली द्या म्हणाला. अशा माणसाला बाजारात कुणी नाही म्हणत नसे. रॉकेलचा परवाना त्यांच्याच हातात. अप्पांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, पाची बाटल्यांची माहिती सांगितली आणि म्हणाले, "साहेबास्नी नमस्कार सांगा. ह्या इकायच्या न्हाईत. लेकीकडल्या हायत."

लेक हा शब्द त्यांच्या तोंडून सुवर्णाच्या लग्नानंतर पहिल्यांदा निघाला. तो माणूस गेल्यावरही काकू दाराशी तशाच उभ्या होत्या.

त्याच वर्षी, तिकडच्या उन्हाळ्यातला एक रविवार. अप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "नेबूलालचे घड केवढे झाले?" मग सुवर्णा म्हणाली, "अप्पा, परवा गारपीट झाली. वरचं रान सगळं गेलं. पावलो दोन दिवस झाले कुणाशी बोलत नाही."

अप्पांनी वही मिटली. फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू जेवलीस का गं?"

ती रडायला लागली. काचेबाहेर मला ऐकू येत होतं. अप्पांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "जावईबापूला दे."

"अप्पा, त्याला मराठी येत नाही."

"दे म्हन्तो ना."

पावलो फोनवर आला असावा. अप्पा सावरून बसले, टोपी नीट केली. "हे बघा बापू," ते सावकाश म्हणाले, "सुवर्णा चार वर्साची हुती तवा आमची ज्वारी अशीच झोपली. उभं रान पांढरं झालं. मीबी बोलत नव्हतो. पन द्राक्षाचं झाड मरत न्हाई. मोडल्याल्या काड्या छाटा. खालून फुटतंय. औंदा न्हाई तर पुढल्या साली फुटंल."

पलीकडून एक जाड, थकलेला आवाज बोलू लागला. बराच वेळ बोलला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, मधूनमधून "हां... हां..." म्हणत होते. शेवटी "बरं, येतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"रान बघायला बोलावलंय."

"अप्पा, तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"शेतकरी मानूस हाय त्यो," अप्पा म्हणाले. "अशा येळेला दुसरं काय म्हननार? उद्या त्या पासपोर्टाचं काय लागतंय ते इचारून या. दोघांचं. काकूबी यील."