दुखवट्याची गाडी

तेराव्याला माहेरचं कापड बाराच्या आत पोचलं पाहिजे, हे दुर्गानं प्रदीपला फोनवर तीनदा बजावलं होतं. आधी माहेरचा आहेर, मग बाकीच्यांचा आणि त्यानंतरच पंगत, अशी तिकडची रीत. पंगत उठली की भावकी बसणार होती. दुर्गाचा नवरा सिद्धाराम अचानक गेला होता. आता तिच्या राहत्या दोन खोल्या तिच्याकडे ठेवायच्या, की तिला पोरीसकट मागच्या पडवीत काढायचं, याचा निवाडा तिचा थोरला दीर बसवराज करणार होता.

"दादा, तुझ्याबिगर माझ्या बाजूनं बोलणारं कोण न्हाय," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

प्रदीप जुळे सोलापुरात राहणारा, एका कॉलेजातला हेडक्लार्क. बोलण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. पण ते घरात. मेहुण्याच्या अंत्यविधीला तो एस.टी.नं गेला आणि पोचेपर्यंत चिता विझत आली होती. "माहेरचं माणूस आलं बघा राख भरायला," असं बसवराज चारचौघांत म्हणाला, तेव्हा प्रदीपला एक शब्द सुचला नाही. सुचला तो परतीच्या एस.टी.त.

म्हणून या खेपेला त्यानं भवानी पेठेतल्या वरदकडून गाडी मागून आणली. वरदचा जुन्या गाड्यांचा धंदा. ही गाडी लांबलचक, काळी आणि स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर चालणारी.

"काका, खड्डा कळणारसुद्धा नाही," वरद म्हणाला. "हवा उतरलीच, तर डिकीत पंप ठेवलाय. इमर्जन्सी बॅकअप."

सकाळी डिकीत दोन डझन टॉवेल, टोप्या, दुर्गाची साडी आणि सिद्धारामचा मोठा करून घेतलेला, चंदनाचा हार घातलेला फोटो ठेवून प्रदीप आणि त्याची बायको राजश्री निघाले. अक्कलकोट मागं पडलं, मैंदर्गी गेली. गाव चार किलोमीटरवर राहिलं आणि तो न कळणारा खड्डा आला. मागून फुस्स असा लांबलचक आवाज झाला आणि गाडी म्हशीसारखी मागच्या पायांवर बसली.

प्रदीपनं पंप लावला. पंपानं इमानेइतबारे हवा भरली आणि फुग्यानं ती दुसऱ्या बाजूच्या चिरेतून तितक्याच इमानानं सोडून दिली. फोनला रेंज नव्हती. सकाळची एस.टी. गेलेली. दोघं अर्धा तास रस्त्याकडे बघत उभे राहिले, तेव्हा कुठं पुढच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान असलेला चनबसप्पा मोटारसायकलवरून आला. त्यानं वाकून बघितलं.

"फुगा फाटलाय. हवेचं काय काम न्हाय आता, टेकू द्याय पायजे."

"दगड लावू या?" प्रदीपनं विचारलं.

"निसटतंय की. लाकूड बी निसटतंय. जाड कापड दाबून भरलं तर बसतंय." त्याची नजर उघड्या डिकीकडे गेली.

"हात लावू नका," राजश्री म्हणाली. "आहेर आहे तो."

"मग चालत जावा की. चार किलोमीटर तर हाय."

घामाघूम होऊन, खांद्यावर गाठोडं घेऊन आपण बसवराजसमोर उभे आहोत, असं चित्र प्रदीपच्या डोळ्यांपुढं आलं. "भरा," तो म्हणाला.

चनबसप्पानं जॅक लावून गाडी उचलली, टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करून दोन्ही बाजूंना ठासल्या आणि दोरीनं करकचून बांधल्या.

"गाडीत वजन नको. मी एकटा हळू नेतो. तुमी मागनं चाला आन् चाकाकडं बघा. टावेल निसटला की हाक मारा."

फोटो गाडीत ठेवला तर काच फुटणार, आणि हार घातलेला फोटो जमिनीवर कसा ठेवायचा? राजश्रीनं तो छातीशी धरला आणि गाडीची धूळ नको म्हणून पुढं चालू लागली. तिच्यामागं मुंगीच्या पावलांनी ती काळी गाडी, चारी दिवे मिचकावत. आणि गाडीमागं प्रदीप: मान खाली, नजर चाकावर, धुरानं डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पहिल्यांदा एका शेतकऱ्यानं टोपी काढली आणि तो मागं आला. मग निंगव्वा नावाची एक म्हातारी खुरपं कमरेला खोचून बांधावरून उतरली.

"कोन गेलं, बाबा?"

"मेहुणे," प्रदीप मान वर न करता म्हणाला.

"लेकरं हायत?"

"एक मुलगी."

म्हातारी चुकचुकली आणि चालू लागली. मयतीबरोबर चार पावलं चालावं, असं तिकडे मानतात. पण चौघांच्या देखत पाचव्या पावलाला माघारी फिरायचं कसं? मागून मजुरांचा टेंपो आला. त्याला पुढं जायचा धीर झाला नाही. बाराच्या बारा माणसं उतरून चालू लागली.

"अहो, जरा मागं बघा," राजश्री पुढून ओरडली.

प्रदीपनं बघितलं. चाळीसएक माणसं होती. तो हादरून एका म्हाताऱ्याजवळ गेला. "आजोबा, ही अंत्ययात्रा नाही. आमची गाडी बिघडलीय."

म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आसू द्या. दुःखात आसंच व्हतंय."

बाराला दहा कमी असताना मंडळी दारात पोचली. बसवराज काहीतरी बोलायच्या तयारीनंच उंबऱ्यात उभा होता. गर्दी बघून तो थबकला.

"एवढी... समदी माहेरची?"

प्रदीपनं तोंड उघडलं, पण निंगव्वा त्याच्याआधी आत शिरली होती. तिनं दुर्गाला पोटाशी धरून गळा काढला, "लेकी, आमी हाय की तुला." बसवराज बाजूला झाला. आहेर झाला. दुर्गाची साडी शाबूत होती. पुरुषांना नुसती टोपी मिळाली.

"टावेल?" बसवराजनं विचारलं.

"चाकात आहेत," प्रदीप म्हणाला. बसवराजनं पुढं विचारलं नाही.

भात पुन्हा टाकावा लागला. जेवून लगेच उठणं बरं दिसत नाही म्हणून ती चाळीस माणसंही भावकीबरोबर बैठकीला बसली. बसवराजनं एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि घसा खाकरला.

"खोल्या हायत तशाच ऱ्हाऊ द्या तिच्याकडं. आमी कवा न्हाय म्हनलोय?"

प्रदीपनं तीन दिवस पाठ केलेलं भाषण तसंच पोटात राहिलं. त्याला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. बहिणीच्या बाजूनं बोलायला तो आला होता आणि त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

दुर्गानं येऊन पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. "दादा, एवढी मानसं कुठनं आणलास? मी तर एकाला बी वळखत न्हाय."

"मी पण नाही," प्रदीप म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलू लागले. इतका वेळ कोरडी राहिलेली पोर अखेर मोकळी झाली, असं समजून निंगव्वा आणि आणखी चार अनोळखी बायका तिच्याभोवती येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या. ती हसत होती, हे फक्त प्रदीपला कळलं. आणि त्या हातांखाली ते हसू केव्हा रडण्यात गेलं, तेही त्यालाच कळलं. तांब्या हातात धरून तो तिथंच उभा राहिला.