राक्षसभुवनच्या रणांगणावर महालक्ष्म्या

राक्षसभुवनची लढाई यंदा मी पुण्यात गाजवणारच होतो! म्हणजे टेबलावर. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे आणि मोजपट्टी घेऊन जुन्या लढाया खेळायचं आम्हा चौघा मित्रांना वेड आहे. तलवाड्यात माझं रंगाचं दुकान, म्हणून पुण्यात भरणाऱ्या या खेळाच्या मेळाव्यासाठी रणभूमी करायचं काम मी छाती ठोकून अंगावर घेतलं. थर्मोकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या भुशाचं गवत, चहाच्या वाळल्या चोथ्याची काळी माती आणि मधोमध रेझिनची चकचकीत गोदावरी! दोन महिने खपलो.

संध्याकाळी पाचला टेबल टेम्पोत चढवायचं, सकाळी पुण्यात मांडायचं. ते गुंडाळायला फोम आणण्यासाठी मी पहाटेच बीडला गेलो. साडेचारला परतलो तर दारात चपलांचा ढीग!

"अहो, या! सगळ्या तुमचंच कौतुक करतायत," बायको म्हणाली.

आत पाऊल टाकलं आणि फोमची गुंडाळी तशीच खाली टाकली. माझ्या टेबलावर महालक्ष्म्या बसल्या होत्या! ज्येष्ठा पेशव्यांच्या छावणीत, कनिष्ठा थेट निजामाच्या तोफखान्यावर. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर लाडू-करंज्या!

"शिवांजली, हे काय?"

"परवा विचारलं ना, आरासीचं बघितलंत का? ब्रश न थांबवता म्हणालात, टेबल तयार आहे, बघून घे!"

हे मी म्हणालो होतो. प्रश्न मात्र ऐकला नव्हता.

कोपऱ्यात आई डोळे पुसत होती. "पस्तीस वर्सांत पहिल्यांदा पोरानं देवीच्या कामाला हात लावला गं!"

आता हिला काय सांगणार? एकदा बसलेली महालक्ष्मी तिसऱ्या दिवशी विसर्जनालाच हलते. मधेच हलवू म्हणणाऱ्याला आमच्या घरात आधी हलवतील!

"रेवणसिद्ध, ही नदी कोणची?" शेजारच्या विमलबाईंनी विचारलं.

"गोदावरी," मी बोलून गेलो.

झालं! विमलबाईंनी हात जोडले आणि चिमूटभर हळद-कुंकू नदीत सोडलं. मागच्या बायकांनीही सोडलं. लढाईला तोंड फुटायच्या आधीच माझी गोदा लाल झाली.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. आमच्या चौघांतला अंगद आला! त्यानं चपला काढल्या, मुकाट्यानं कुंकू लावून घेतलं, लाडू हातात घेतला आणि माझ्या कानाला लागला.

"काय बे हे? आन् निजामाचे हत्ती कुठं हायेत?"

हत्ती देवींच्या दोन बाजूंना मानानं उभे होते. सोंडेला कुंकू!

"आईला सांग की टेबल न्यायचंय."

"तू सांग!"

"मी कावून? तुझी आई हाय!"

पाचला पाच कमी. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दाबला. न सांगावं तर दोन महिन्यांची मेहनत गेली, सांगावं तर आईचा आनंद गेला. शेवटी डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

"आई, ही आरास न्हाई. लढाईचं टेबल हाय. आत्ता पुण्याला न्यायचंय."

शिवांजलीनं कपाळाला हात लावला. आई मात्र जागची हलली नाही.

"मला काय कळत न्हाई व्हय रे? तलवारी उपसलेले शिपाई काय देवीला वारा घालाया उभे असतेत?"

"मग?"

"मग काय! दुपारधरनं चाळीस बाया बघून गेल्या. एकेकीला सांगितलं, माझ्या रेवणनं केलंय. लई खूश झाल्या. तुमच्या त्या पुण्याला किती माणसं येतेत बघाया?"

मी मोठ्या आशेनं अंगदकडं पाहिलं. त्यानं तोंडातला लाडू कसाबसा गिळला.

"गेल्या साली नऊजण आलते, काकू." मग बिचारा देवीसमोर खोटं बोलवेना म्हणून हळूच पुढं म्हणाला, "त्यात चौघं आमीच हुतो."