मसाल्याच्या डब्यातले माउथपीस

आमच्या शेजारी व्यंकटराव काकांच्या घरात मसाल्याचे डबे दोन. एकात मोहरी, जिरं, हळद. दुसऱ्यात क्लॅरिनेटचे माउथपीस. दोन्ही स्टीलचे, गोल, एकाच मापाचे, त्यामुळे घोटाळा ठरलेलाच. एकदा काकूंनी फोडणीसाठी हात घातला आणि हाताला काळं, दातांनी चावलेलं टोक लागलं. त्या वेळी हिंगात पडलेल्या एका माउथपीसला अजून वास येतो. काकांच्या मते त्यामुळेच त्याचा स्वर मोकळा झाला.

क्लॅरिनेट तुम्ही पाहिलेली असते. लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांच्या पुढे चालणारा माणूस चकचकीत चाव्यांची जी काळी नळी फुंकतो, तीच. ओठात धरायचं तिचं टोक म्हणजे माउथपीस. त्यावर एक पातळ पत्ती आवळलेली असते आणि पत्तीखालच्या फटीतून फुंकर आत जाते.

"सारा खेळ ह्या फटीचा हाय, म्याडम," काका मला सांगतात. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मी त्यांची म्याडम. "बाकी लाकूड म्हंजे नुसता पाइप. बेफिकीर ऱ्हावा, मी सांगून राहिलो ना!"

या 'बेफिकीर ऱ्हावा'पासून मात्र सावध राहावं. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर पापड घालताना मी आभाळाकडे बघत होते, तेव्हा काका हेच म्हणाले होते. पापडांचा लगदा झाल्यावर मी जाब विचारायला गेले, तर म्हणतात, "माझं बरोबरच व्हतं. पाऊस चुकला."

काका निवृत्त ग्रामसेवक. नोकरी सगळी नायगावकडच्या खेड्यांत. तिथल्याच एका बँडवाल्याकडून ते ऐन तारुण्यात क्लॅरिनेट शिकले. वाजवतात बरं, पण त्यांना वाजवण्यापेक्षा माउथपीस बदलण्यात जास्त गोडी. आमच्या गल्लीतले लोक 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणतात, ते त्यांच्या कानावर गेलं आहे आणि त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही. प्रत्येक माउथपीसला नाव आहे. किंचाळणारी ती 'विहीणबाई'. गोडगोड बोलून काहीच न सांगणारा तो 'पुढारी'. हैदराबादहून आणलेला 'हैदराबादी'. तो घेताना काकांनी दुकानातले इतके माउथपीस तोंडात घालून पाहिले, की दुकानदार म्हणाला, "चचा, लेना है या खाली चबाना है?" हे काका स्वतः कौतुकानं सांगतात. आणि बंद पडलेल्या एका बँडपार्टीकडून उचललेला जुनाट तो 'घोगऱ्या'. त्याची फट मोठी, दम फार लागतो आणि आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा.

रुक्मिणकाकूंविषयी सांगायला हवं. त्या इस्लापूरकडच्या. नात्यात कुठे हळद असली की गाणं काकूंनीच उचलायचं, हे ठरलेलं होतं. आईचं कडवं, आत्याचं कडवं, मामाचं कडवं. एकेका नातेवाईकाला मान देत गाणं पुढे न्यायचं आणि कुणी सुटता कामा नये. मग हळूहळू त्यांचे कान गेले. कानातलं यंत्र आणलं, पण त्यात मिक्सर आणि माणूस सारखेच ओरडतात, म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. गाणंही सोडलं. "बाकीच्या बाया कुठवर आल्या तेच कळंना," त्या मला म्हणाल्या होत्या, "मंग मी कुठं जाऊ?" तेव्हापासून त्या लग्नाला जातात आणि एका कडेला बसून राहतात. मला ते बघवत नाही.

यंदा काकांच्या पुतणीचं लग्न ठरलं. मुलगा लातूरचा, हळद नायगावला. काकांनी जाहीर केलं, हळदीचं गाणं मी क्लॅरिनेटवर वाजवणार. झालं! दर रविवारी आम्हा शेजाऱ्यांची परीक्षक म्हणून भरती सुरू झाली. व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आम्ही तोंडं भिंतीकडे करून बसायचं, म्हणजे कोणता माउथपीस लावला ते दिसणार नाही. काका मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तेच गाणं प्रत्येकावर वाजवायचे. मग विचारायचे, "सांगा, कोणता गोड?" मला घरी वह्या तपासायच्या असायच्या, म्हणून मी पहिल्या दिवसापासून "दुसरा" म्हणत आले.

शेवटच्या रविवारी मात्र मीसुद्धा मन लावून ऐकलं. सगळ्यांचं एकमत झालं, हैदराबादी. खरोखर मधासारखा वाजला. काकांनी मान डोलावली, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "मंग ठरलं. घोगऱ्या."

ऐकावे जनाचे करावे मनाचे, हे मान्य. पण त्यासाठी आमचे इतके रविवार कशाला?

हळदीला त्यांनी मलाही आग्रहानं नेलं. गाडीत काकू ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे. माझा राग गेला नव्हता. मी विचारलं, "काका, घोगऱ्याच घ्यायचा होता, तर आम्हाला कामाला का लावलंत?"

काका आवाज न उतरवता बोलले. काकू पुढे होत्या, तरी उतरवायची गरज नव्हती.

"तुम्हाला गोड कोणता ते इचारलं, म्याडम. मला पोचतो कोणता ते बघायचं व्हतं. तुमची तोंडं भिंतीकडं, अन् मी हिच्याकडं बघून राहिलो व्हतो. हैदराबादी वाजीवला, हिचं तूर पाखडणं चालूच. इहीणबाई वाजीवली, तरी चालूच. घोगऱ्या लावला अन् हिचा हात सुपातच थांबला."

"म्हणजे त्यांना ऐकू आलं?"

"थांबला एवढं खरं. मनलं, ते गाणं पोचलं तर आज गाईल बी." पुढे 'बेफिकीर ऱ्हावा' येईल म्हणून मी वाट पाहिली. ते आलं नाही, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

मांडवात काकांनी डीजेवाल्याला गप्प बसवलं आणि घोगऱ्या तोंडाला लावला. पहिल्याच स्वराला पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. काकू माझ्या शेजारी, वाटीतली हळद कालवत बसलेल्या. आईचं कडवं झालं. काकू हळद कालवतच होत्या. काकांची मान लाल झाली होती, एकेका ओळीला श्वास तुटत होता, पण नजर काकूंवरून हलत नव्हती. आत्याचं कडवं झालं. मी मनात माहूरच्या देवीला हात जोडले. काकूंचा हात तसाच फिरत राहिला.

दम संपला म्हणून असेल, काकांनी पुढचं सोडून गाणं एकदम शेवटाला नेलं.

"ओ!" काकू ओरडल्या. बहिऱ्या माणसाचं ओरडणं ते, सगळा मांडव दचकला. "मामाचं सोडलं की ओ! मामाला सोडून हळद लागती व्हय कुठं?"

काकांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. "चुकलो," ते म्हणाले. मग काकूंना दिसेल अशी मान हलवून पुन्हा म्हणाले, "हाव, चुकलो मी!"

काकूंनी हळदीचा हात तसाच वर धरला आणि मामाचं कडवं स्वतःच उचललं. सूर जरा चढा लागला. बाकीच्या बायकांनी तो चढा सूरच धरला आणि त्या काकूंच्या मागे मागे गेल्या, म्हणजे काकूंना कुणाची वाट बघायला नको. पोरींचं हसू थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

काका मात्र वाजवत नव्हते. क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवून नुसते बसले होते. फार दम लागला असेल म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेले.

"दम न्हाई लागला, म्याडम," ते हळूच म्हणाले. "ऐकून राहिलो."