उलटा प

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी बादली उपडी करतात. पाय धुवायला पाणी ठेवलेलं असलं तर ते अंगणातल्या झाडाला ओततात, बादलीचं बूड नीट बघून घेतात आणि मगच 'बरं हाय का समदं?' म्हणत घरात शिरतात. बादली नसेल तर मग्गा, मग्गाही नसेल तर बसायला दिलेली खुर्ची. पाटोद्यात आता कुणी त्याचा राग मानत नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना तेवढं आधी सांगून ठेवावं लागतं.

माझं पाटोद्याला भांड्यांचं दुकान आहे. निम्मं स्टील, निम्मं प्लास्टिक, आणि त्या दुसऱ्या निम्म्यावर मालकी अप्पांची. बीडच्या एमआयडीसीत घागरी बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथे त्यांनी उभी हयात मशीन चालवली. आता काम सुटलं तरी सकाळी कपाळाला भस्म लावून माझ्या दुकानात हजर होतात. मी त्यांना ठेवलेलं नाही, हे मला वरचेवर लोकांना सांगावं लागतं. गिऱ्हाइकाने घागर उचलली की अप्पा ती काढून घेतात, उन्हाकडे धरून जाडी बघतात, बोटाच्या पेराने वाजवतात आणि माझ्यादेखत निकाल देतात, "भंगाराचा दाना हाय. उन्हाळा काढायची न्हाई." गिऱ्हाईक निघून जातं. मी कपाळाला हात लावतो.

घागर कशी होते हे इथल्या पोराटोरांनाही अप्पांमुळे पाठ आहे. प्लास्टिकचा दाणा वितळतो, मशीनच्या तोंडातून मऊ नळकांडं खाली लोंबतं, डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग त्याला दोन्हीकडून कवळतात आणि आत हवा सोडली की ते फुगून डायच्या अंगाला चिकटतं. पुढे काय, असं विचारलं की अप्पांचं उत्तर ठरलेलं: "थंड होऊ द्यायचं. गरम काढलं की वाकडं होतं."

हे औषध ते सगळ्याच दुखण्यांवर देतात. माझं आणि धाकट्या भावाचं दुकानाच्या वाटणीवरून वाजलं, तेव्हा अप्पा मधे येऊन बसले आणि आम्हाला आठ दिवस एकमेकांशी बोलू नका म्हणाले. डायमध्ये असू द्या, म्हणाले. आठ दिवसांनी आम्ही खरंच सरळ निघालो.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे 'तोंड न्हाई, बूड बघा'. तोंडाला सगळ्याच घागरी सारख्या, दोष असतो तो बुडाला, जिथे डाय मिटते तिथे. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तर तिथे मुलीकडे न बघता पोह्यांची प्लेट डोक्यावर धरून खालून बघत बसले. थोडे पोहे मुलीच्या बापाच्या टोपीवर पडले. लग्न तरीही जमलं, यात मोठेपणा मुलीच्या बापाचा.

एकदा गावात एका पुढाऱ्याचा सत्कार होता. साहेब स्थानापन्न झाले आणि अप्पा मंचावर चढले. जरा उठता का, म्हणाले. साहेबांना वाटलं, हार आला, म्हणून ते हात जोडून उठले. अप्पांनी त्यांची खुर्ची उपडी करून पाहिली, परत नीट ठेवली आणि म्हणाले, "बसा. पन रेलू नका." साहेब तासभर काठीसारखे ताठ बसले. सत्तेत जाऊनही माणूस किती नम्र राहिलाय, असं लोक घरी जाताना बोलत होते.

मला वाटायचं, हा सगळा जुन्या धंद्याचा चाळा. गेल्या वर्षी दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा सहज विचारलं, "अप्पा, बुडाला नेमकं काय बघता?"

त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांची बायको पार्वतीबाई त्याच कारखान्यात होती. अप्पा घागर काढायचे आणि ती कडेचं जास्तीचं प्लास्टिक सुरीने तासायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. गावात मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा तिने मास्तरांना सांगितलं की अ-आ मागाहून शिकवा, आधी प शिकवा. प आला आणि तिला धीर निघेना. घागरीची डाय धुवायला खाली काढली होती. ॲल्युमिनियम मऊ असतं. बाईने एक टोचा घेतला आणि बुडाच्या जागी चांगला सरळ, ठसठशीत प कोरला.

साच्यात अक्षर आरशातल्यासारखं उलटं कोरायचं असतं, तेव्हा मालावर सुलटं उमटतं. हे तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी निघालेल्या प्रत्येक घागरीच्या बुडाला उलटा प आला. आणि उलटा प म्हणजे हुबेहूब इंग्रजी पी. अप्पांची पाचावर धारण बसली. मालकाने घागर बघितली आणि तो खूशच झाला. 'पी फॉर प्लास्टिक! वा, कंपनीची खूण पाहिजेच,' म्हणाला. डाय तशीच चालू राहिली.

"मी घरी लई बोललो तिला," अप्पा म्हणाले. "तर म्हनली, उलटा का असंना, घरोघर जाऊ द्या की."

त्यांना मूलबाळ झालं नाही. पार्वतीबाई वारली. घागरींचा खप बसला, कारखाना बंद पडला, डाय वितळवायला गेली. घरातली घागर तडकली होती ती भंगारवाल्याला दिलेली. कारखान्यातल्या माणसाने घागर जपून ठेवायची असते हे कुणाला सुचणार? अप्पांना त्या खुणेची एकही घागर त्यानंतर कुठे दिसली नव्हती. शोधता शोधता हाताला लागेल ते उपडं करून बघायची सवयच जडली.

सांगताना ते तिला 'आमच्या घरची' म्हणत होते. जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. नाव मला ठाऊक होतं म्हणून मी लिहिलं.

त्या दिवसापासून मीही बुडं बघायला लागलो. बायकोने मला वेड्यात काढलं. शेवटी या पौषात मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर जेवताना मोरीपाशी एक विटकी निळी घागर दिसली. उचलून पाहिली. बुडावर पी होता. भांडी घासणाऱ्या मावशीला मी माल आणायला केलेल्या टेम्पोतली कोरी घागर दिली आणि ती जुनी घेऊन, एखादी लढाई जिंकल्यासारखा, थेट अप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

अप्पांनी घागर मांडीवर आडवी घेतली आणि त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. डोळे भरून आले होते. मलाही बघवेना. मग त्यांनी विचारलं, "कुठं हुती? पानी भरीत हुते का हिच्यात?"

हो म्हणालो.

"परत नेऊन देऊ."

मी चिडलोच. इतकी वर्षं जिच्यासाठी लोकांची पोह्यांची ताटं उपडी केली, ती हातात आल्यावर परत का द्यायची? अप्पांनी हात वर केला. "थंड होऊ द्या, शेट."

चहा झाला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "घरोघर जाऊ द्या म्हनली हुती. घरात आनून ठिवा म्हनली न्हवती. मला फकस्त बघायचं हुतं, कुटवर पोचली."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने मांजरसुंब्याला गेलो. खिडकीची जागा अप्पांनी घागरीला दिली आणि स्वतः कडेला बसले. घागरीचंही तिकीट काढता का, असं कंडक्टरने गमतीने विचारलं, तर अप्पा खरंच खिशात हात घालायला लागले.

धाब्यावरच्या मावशीला आम्ही तिची घागर परत केली आणि नवीही राहू द्या म्हणालो. दोन शहाणे पुरुष रिकामी घागर घेऊन एवढ्या लांबून का आले, हे तिला कळेना. तिने घागर उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्यो पी कशाचा हाय, बाबा?"

अप्पांनी तिच्या हातातून घागर घेतली, नळाखाली धरली, काठोकाठ भरली आणि उचलून तिच्या कमरेवर दिली.

"पी न्हाई, आक्का," ते म्हणाले. "पार्वतीचा प हाय."